कोसफेल्डचं झिजलेलं नाणं

दादा, काल तुझं तेरावं झालं. आता घरात पाहुणे नाहीत, फोन वाजत नाही, आणि मी बोलणार आहे. मध्ये तोंड घालू नकोस. जिवंत असताना मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस. "मंदे, कळत नाही त्यात बोलू नकोस," हे तुझं पालुपद. आता बघ, तुझा नाइलाज आहे. ऐकून घ्यावंच लागेल.

बोलायचंय ते त्या नाण्याबद्दल. अकरा वर्षांपूर्वी गणपतीत माझ्या घरातून तुझं एक तांब्याचं नाणं नाहीसं झालं आणि त्याचा आळ तू सुधीरवर घेतलास. माझ्या नवऱ्यावर. माझा नवरा होण्याआधी पाच वर्षं जो तुझा रूममेट होता, त्या माणसावर. सुधीरने ते घेतलं नव्हतं. तू ओरडत होतास तेव्हाच मला ते माहीत होतं. आणि मी गप्प बसले.

हं. लिहिलं एकदाचं. अक्षर बघ कसं आलंय. तुझ्यासारखं सुंदर अक्षर मला कधी जमलंच नाही.

तुझ्या अबुधाबीच्या ऑफिसातली माणसं येऊन गेली. तुझी नोकरी, तुझा स्वभाव, तुझी शिस्त, सगळं बोलून झालं त्यांचं. मला ते नाही सांगायचं. मला तुझ्या त्या ट्रेचं सांगायचंय.

नाण्यांचं वेड तुला लावलं साइटवरच्या जर्मन साहेबाने. तू ड्राफ्ट्समन, तो कन्सल्टंट. परत जाताना त्याने तुला तंबाखूच्या डबीतून मूठभर काळी नाणी दिली. दुसऱ्या कोणाला पेन मिळालं असतं, घड्याळ मिळालं असतं. तुला काय, तर तीन-चारशे वर्षांपूर्वीची चिल्लर! मी म्हटलंसुद्धा, "साहेबाने तुला सुटे पैसे देऊन कटवलं." तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

मग जर्मनीहून पोस्टाने याद्या यायला लागल्या, तू डिक्शनरी घेऊन बसायला लागलास आणि दर गुरुवारी रात्री जेवताना आम्हाला शिकवणी. "तेव्हा जर्मनी असा एक देश नव्हताच, मंदे. शेकडो संस्थानं. कुठे राजा, कुठे बिशप, कुठे नुसतं एक गाव. चांदीचं नाणं मोठ्या लोकांचं, ते लांबलांब चालायचं. पण पाव घ्यायचा, बियर घ्यायची, देवळाबाहेर भिकाऱ्याला काही द्यायचं, तर सुटं तांब्याचं लागणार. ते ज्या त्या गावाने स्वतःचं पाडायचं. वेशीबाहेर त्याला कोणी विचारत नसे."

"म्हणजे आपल्या कॅन्टीनच्या कुपनासारखं," सुधीर म्हणाला.

"बरोब्बर!" तू टेबलावर हात आपटलास. "सुध्याला कळलं, तुला नाही कळलं."

मला सगळं कळत होतं, दादा. मी फक्त पोळ्या लाटत होते.

ही नाणी माझ्या घरी का, तर तुला टेबल नव्हतं. कंपनीच्या अकोमोडेशनमध्ये एका खोलीत तिघं. तुझा पलंग, तुझं कपाट, खलास. म्हणून तू साइटवरच्या सुताराकडून चाळीस खाचांचा लाकडी ट्रे करून घेतलास आणि तो शारजात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलास. प्रत्येक खाचेत एक नाणं, खाली तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. कुणावर चाक, कुणावर किल्ली, कुणावर तलवार धरलेला संत. शुक्रवारी सकाळी तू भिंग लावून एकेक नाणं ट्रेसिंग पेपरवर दहापट मोठं काढायचास. तास तास. सुधीर शेजारी बसून फालतू प्रश्न विचारायचा आणि तू त्याला न कंटाळता उत्तरं द्यायचास. मला तर तू पाण्याचा ग्लाससुद्धा टेबलावर ठेवू द्यायचा नाहीस.

गुरुवारी तुझी गाडी यायच्या वेळेला सुधीर खाली जाऊन पार्किंगमध्ये उभा राहायचा. लग्नात एवढी माझी वाट बघितली नाही त्याने.

आता तेविसाव्या खाचेतलं. कोसफेल्ड नावाच्या गावाचं नाणं. त्या गावाचं चिन्ह बैलाचं डोकं. पण तुझं नाणं इतकं झिजलेलं, की बैल म्हणून एका शिंगाचा बाक तेवढा उरलेला. आकडा पुसलेला. काठाशी मात्र मोहरीएवढा एक ठसा, तो भिंगातूनच दिसायचा. त्या ठशापायी तू वेडा झालास. तू सांगितलेलं मला अजून पाठ आहे. तांबं स्वस्त, म्हणून खोटी नाणी पाडणारे उदंड. मग गाव काय करायचं, सगळी तांब्याची नाणी परत मागवायचं, खरी-खोटी निवडायचं आणि खऱ्यावर बारीक ठसा मारून ती परत द्यायचं. ठसा नाही ते नाणं बाद. आणि तुझ्या नाण्यावर जो ठसा होता तो कोसफेल्डच्या नाण्यावर कुठल्याच पुस्तकात नोंदलेला नव्हता. तू तिकडच्या एका म्हाताऱ्या अभ्यासकाला पत्र लिहिलंस, सोबत तू काढलेलं नाण्याचं चित्र पाठवलंस आणि उत्तराची वाट बघत बसलास.

तो ठसा महत्त्वाचा, हे मला माहीत होतं. तो कुठल्या नाण्यावर आहे ते मी कधी बघितलं नव्हतं. झिजलं ते कमी मोलाचं, चकचकीत ते जास्त मोलाचं, एवढीच माझी अक्कल. बायकांना दागिन्यांची सवय.

आणखी एक गोष्ट. त्या गणपतीच्या महिनाभर आधी सुधीर तुझं एक नाणं घेऊन शारजातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात गेला होता. तुझ्या वाढदिवसाला तसंच एखादं मिळतंय का ते बघायला. दुकानदाराने नाणं उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "हबीबी, धिस इज स्क्रॅप. फाइव्ह दिरहम." घरी येऊन सुधीर पोट धरून हसत होता. "पाच दिरहम! म्हणजे चाळीस रुपये. विन्या, पूर्ण ट्रे विकला तरी आपला सोफा येत नाही रे." तू हसला नाहीस. "मला न विचारता नेलंस?" एवढंच म्हणालास. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तर गणपती. दीड दिवसाचा, वीतभर शाडूचा, मुंबईहून कोणाच्या तरी हँडबॅगेतून आलेला. गुरुवारी सकाळी प्रतिष्ठापना. तुला हाफ डे, तू दुपारनंतर येणार. इथे गुरुजी कुठले मिळायला, आमची पूजा कॅसेटवर. कॅसेटमधले गुरुजी सांगणार आणि सुधीर सोवळं नेसून करणार. मी टेपरेकॉर्डरपाशी बसून पॉज दाबणार. छान चाललं होतं. मग गुरुजी म्हणाले, कलशात गंध, अक्षता, दूर्वा, सुपारी, नाणं घालावे. मी पॉज दाबला.

आपल्या आईचा नियम तुला माहीत आहे. कलशात नाणं तांब्याचंच. आपल्या घरचा ढब्बू पैसा मी सुपारीच्या डबीत जपून ठेवते. डबी उघडली, पैसा नाही. सुट्टीत पुण्याला मंगळागौरीला नेला आणि तिथेच राहिला, ते मला तेव्हा आठवलं.

"दिरहम टाक," सुधीर म्हणाला.

"दिरहम तांब्याचा असतो का?"

अदिती तेव्हा सहा वर्षांची. धावत जाऊन तिने तिच्या गल्ल्यातून पाच फिल्सचं नाणं आणलं. रंग तांब्यासारखा, म्हटलं झालं काम. उलटून बघते तर त्यावर मासा! गणपतीच्या कलशात मासा? सुधीर म्हणाला, "अगं, मत्स्यावतार म्हण." मला हसू येईना. मुहूर्त टळत होता, पॉजचं बटण सारखं सुटत होतं आणि गुरुजी मध्येच दोन शब्द बोलून जात होते.

मी उठले. ड्रॉवर उघडला. चाळीसातलं सगळ्यात झिजलेलं नाणं बघून उचललं. म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न, उद्या पुसून परत ठेवू, दादाला कळणारसुद्धा नाही. सुधीरची पाठ होती माझ्याकडे. "मिळालं का गं?" त्याने विचारलं. "मिळालं," मी म्हटलं आणि कलशात टाकलं. त्याने ते पाहिलंही नाही, दादा. शपथेवर सांगते.

त्या संध्याकाळी तू आलास तो वेगळाच. घर माणसांनी भरलेलं, आरत्या, मोदक, पोरांचा गोंधळ. तू शर्टाच्या खिशावर सारखा हात मारत होतास. "जर्मनीहून पत्र आलंय," तू माझ्या कानात म्हणालास. "उद्या. निवांत. सगळे गेले की." इतकं खूश मी तुला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तुझ्या विसाव्या वर्षी बाबा गेले, तेव्हापासून माझी फी, माझं कॉलेज, माझं लग्न, सगळं तू ओढलंस. तुझं लग्न त्यातच राहून गेलं. तुझ्या तोंडावर असं हसू बघायला मी काहीही दिलं असतं.

शुक्रवारी उत्तरपूजा झाली. उघड्यावर विसर्जन करायची इथे सोय नाही, म्हणून बादलीत. मी शेजाऱ्यांना द्यायला खिरापतीच्या पुड्या बांधत होते. सुधीरने मूर्ती पाण्यात सोडली, निर्माल्य घातलं आणि हौसेने कलशही बादलीत उपडा केला. शाडू दुपारभरात विरघळला. पाचच्या सुमारास तो बादली घेऊन गाडीने ममझारला गेला, समुद्रावर. तू हॉलमध्ये वामकुक्षी करत होतास.

मी कलश घासायला घेतला आणि आत हात घातला. रिकामा.

बाल्कनीत धावले, गाडी गेलेली. तेव्हा कुठले आलेत मोबाइल? मी किचनमध्ये उभी राहून देवाला म्हटलं, त्याला रस्त्यात ट्रॅफिक लागू दे, पोलीस अडवू दे, बादली सांडू दे गाडीत. काहीसुद्धा झालं नाही. सूर्य बुडून मगरीबची अजान होत होती तेव्हा तो परत आला. बादली स्वच्छ विसळून आणली होती. "यल्ला, चहा टाक," म्हणाला.

तू उठलास, तोंड धुतलंस, ट्रे काढून टेबलावर ठेवलास. पत्राची घडी उलगडून त्यावर चष्म्याचं घर ठेवलंस. "सुध्या, बस इथे. तुला गंमत दाखवतो. तिकडची यादी छापली जातेय, त्यात आपल्या नाण्याची नोंद येणार. खाली माझं नाव. फक्त नाणं एकदा बघायला पाठवा म्हणतायत." आणि तू तेविसाव्या खाचेकडे हात नेलास.

"मंदे, यातलं कुठंय?"

मी किचनच्या दारात, हातात चहा. आणि सुधीर, माझा भाबडा, वेळकाळ न कळणारा नवरा, हसत म्हणाला, "मी घेतलं. सोफ्याचा ॲडव्हान्स दिला!"

त्या मस्करीने घात केला.

"त्या दुकानात दिलंस?"

"अरे विन्या, मस्करी करतोय."

"मागच्या महिन्यात भाव काढून आलास. आज पाच वाजता मी झोपलेला बघून गाडी घेऊन गेलास."

"विसर्जनाला गेलो होतो!"

"नाण्याला पाय फुटले का मग? कालच्या पाहुण्यांना ड्रॉवर माहीतसुद्धा नाही. उरलो आपण तिघंच. ही पोर ड्रॉवरला हात लावत नाही. मंदा लावत नाही."

मंदा लावत नाही. इतक्या खात्रीने म्हणालास तू. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. तू माझ्याकडे पाहिलंससुद्धा नाहीस, इतका तुझा माझ्यावर विश्वास.

सुधीरचं हसू हळूहळू उतरलं. "विन्या, तू मला चोर म्हणतोयस?"

"मी काय म्हणणार? आपलंच नाणं खोटं, तर परक्याला कशाला बोल लावायचा."

मी तोंड उघडलं, दादा. खरंच उघडलं. आणि काय बोलले आठवतं तुला? "चहा गार होतोय."

तू ट्रे वर्तमानपत्रात गुंडाळलास आणि चपला घालून निघून गेलास. सुधीर त्या रात्री जेवला नाही. मी तेव्हा का बोलले नाही, याची शंभर कारणं मी स्वतःला दिली आहेत. खरं एकच. तुझा राग माझ्यावर येत नव्हता, याचं मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. सुधीर सोसेल, तो मनाला लावून घेत नाही, दोन दिवसांत दोघं परत एकत्र बसून चकाट्या पिटतील, असं मी धरून चालले. दोन दिवसांनी सांगणं जास्त अवघड झालं. दोन महिन्यांनी तर विचारूच नकोस.

भाऊबीजेला तू आलास पण वर आला नाहीस. इंटरकॉमवर म्हणालास, "खाली ये." मी नऊवारीत, हातात ताम्हण, त्यात पेटलेलं निरांजन, लिफ्टमध्ये! खाली वाळूच्या पार्किंगमध्ये तू गाडीचं दार उघडून, पाय बाहेर टाकून बसलेला. वाऱ्याने निरांजन तीनदा विझलं. बिल्डिंगचा वॉचमन खान बिचारा आडोसा धरून उभा राहिला. मी ठरवूनच आले होते. "दादा, त्या नाण्याचं," एवढं म्हटलं, आणि तू म्हणालास, "त्याचं नाव काढायचं असेल तर मी निघतो. ओवाळ आणि जा."

मी ओवाळलं आणि गेले.

अशा अकरा भाऊबिजा. अदिती मोठी झाली तशी तीही खाली यायला लागली. "मामा, व्हाय डोन्ट यू कम अप? बाबा वोन्ट बाइट." तू तिच्या हातात चॉकलेटचा डबा द्यायचास. आम्ही वर आलो की सुधीर पेपरमागून विचारायचा, "बारीक झालाय का?" एवढंच विचारायचा. दर वर्षी.

तुझ्यावर मी रागावलेही आहे, दादा, उगाच सगळं माझ्या माथी घेणार नाही. चाळीस खाचांतली एक रिकामी झाली म्हणून सोळा वर्षांची दोस्ती तोडतं का कोणी? त्याला एकदा शांतपणे विचारलं असतंस तर? पण तू न्याय करून मोकळा झालास. ड्रॉइंगमधली रेघ असती तर पुसून परत काढली असतीस.

ते जर्मनीचं मला तिसऱ्या की चौथ्या भाऊबीजेला कळलं. तू स्टिअरिंगकडे बघत सांगितलंस. नाणं हरवलं असं तू त्यांना कळवलंस. त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं, की नुसत्या चित्रावरून नोंद करता येत नाही, चित्र कोणीही काढू शकतं. तू परत लिहिलंस. त्यांचं उत्तर आलं नाही. "त्यांना वाटतं मी बनवलं," तू म्हणालास. "मी, मंदे! अर्धा मिलिमीटर चुकलो तर शीट फाडणारा माणूस." मी ताम्हण धरून उभी. सुधीर चोर ठरला होता आणि आता तू लबाड ठरलास, आणि दोघांचं उत्तर माझ्या तोंडात. मी तुझ्या कपाळाला कुंकू लावलं. माझ्या हातून दुसरं काही झालं नाही.

आणि तरीही तू काय केलंस? सुधीरची कंपनी बंद पडली, तीन महिने घरी बसला, व्हिसा संपत आला, तेव्हा एका कॉन्ट्रॅक्टरचा आपण होऊन फोन आला. "मिस्टर विनायक हॅज गिव्हन युवर नेम." ज्याला चोर समजत होतास त्याच्यासाठी तू शब्द टाकलास. सुधीरने तुला फोन लावला, तू उचललास, आणि "थँक यू" ऐकून ठेवून दिलास. त्या दिवशी तो बाथरूममध्ये नळ सोडून रडला. नळ का सोडतात ते मला कळतं, दादा. चौदा दिवस मीही तेच करतेय.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा गाडीची चावी आधी त्याने घेतली. थेट अबुधाबी गाठली. हॉस्पिटल, पोलीस, एम्बसी, सगळं त्याने केलं. एका फॉर्मवर मृताशी नातं लिहायचं होतं. त्याने लिहिलं, फ्रेंड. काउंटरवरचा माणूस म्हणाला, हे चालणार नाही, नातेवाईक लागतो. मग त्याने ते खोडून मेहुणा लिहिलं.

तुझ्या पलंगाखालून तुझे बिस्किटांचे डबे आणि तो ट्रे त्याने स्वतः उचलून आणला. तेरा दिवस त्याला हात लावला नाही, लावू दिला नाही. काल माणसं गेल्यावर त्याने तो टेबलावर ठेवला, समोर कोरा कागद घेतला, पेन काढलं आणि मला म्हणाला, "मोजून घे. माझ्यासमोर."

"सुधीर, हे काय?"

"मोज. चाळीसच्या चाळीस. नंतर कोणी काही म्हणायला नको."

तो टोमणा नव्हता, दादा. तसं असतं तर मी सोसलं असतं. अगदी साध्या आवाजात, बँकेत कोणी बोलतं तसा बोलत होता. तुझा ट्रे घरात ठेवायचा म्हणजे असं करावंच लागतं, हे अकरा वर्षांत त्याच्या अंगी मुरलं होतं.

मी मोजायला लागले. नंबर, चिठ्ठी, नाणं. तो खूण करायचा. एक, दोन, तीन. एकवीस. बावीस.

"तेवीस?"

"रिकामी."

त्याने तेही लिहून घेतलं. मग वाकून तुझी चिठ्ठी वाचली. "कोसफेल्ड. हेच ना ते?"

मी हो म्हटलं आणि सांगून टाकलं. कॅसेट, मासा, ड्रॉवर, कलश, बादली. उभ्याउभ्या, एका दमात. थांबले असते तर परत गप्प बसले असते.

मला वाटलं तो ओरडेल. ट्रे भिरकावेल. मला घराबाहेर काढेल. त्याचा हक्क होता, आणि मला ते हवंही होतं. तो पेनाचं टोपण लावत-काढत बसून राहिला.

"म्हणजे मीच ओतलं समुद्रात," तो म्हणाला.

"हो."

"विन्याला सांगितलं होतंस?"

"नाही. कोणालाच नाही."

त्याने कागदाची घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"मी घेतलं नव्हतं हे मला माहीत होतं, मंदा. मला सांगून काय उपयोग? त्याला सांगायचं होतंस." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो वर आला असता."